गुलदस्त्यातली पुस्तकं : आमची वाटचाल

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या पुस्तकांच्या दुकानात दाराशीच एक छोटं टेबल आहे. त्यावर खाकी कागदात बांधलेली पुस्तकं. नाव नाही, लेखक नाही. दोऱ्यात अडकवलेली एक चिठ्ठी आणि किंमत, एवढंच. परदेशातल्या वाचनालयांत आणि दुकानांत हा प्रकार ‘ब्लाइंड डेट’ या नावाने चालतो. आम्ही आधी ‘रहस्यमय पुस्तकं’ अशी पाटी लावली, तर लोक रहस्यकथा समजून मागू लागले. मग ‘गुलदस्त्यातलं पुस्तक’ केलं.

सुरुवात १२ पुस्तकांनी झाली, आता महिन्याला ८० च्या आसपास बांधतो. आकडा वाढला तसे नियम वाढले. त्यातला पहिला नियम असा, की पडून राहिलेला माल कागदात गुंडाळायचा नाही. मोह होतोच, कारण तीन वर्षं न हललेलं पुस्तक झाकलं की दोन दिवसांत जातं. पण ते घेऊन गेलेला माणूस पुन्हा त्या टेबलाकडे बघत नाही. जे पुस्तक आम्ही उघडं असताना हातात देऊन ‘हे वाचाच’ म्हणू, तेच झाकायचं.

दुसरा नियम हिशेबाचा. जाकडावर, म्हणजे न खपल्यास परत करायच्या बोलीवर, आणलेली पुस्तकं बांधायची नाहीत. कोपरा दबलेली किंवा टेपचा डाग पडलेली प्रत वितरक परत घेत नाही. रोखीने घेतलेल्या प्रतीच टेबलावर जातात.

गिऱ्हाईक पुस्तक चाळून बघू शकत नाही, म्हणून ते काम आमचं. मराठी पुस्तकं बहुतेक १६ पानी फर्म्यांत, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांत, बांधलेली असतात. २०८ पानांचं पुस्तक म्हणजे १३ फर्मे. गडबड होते ती फर्म्यांच्या सांध्यावर: एखादा फर्मा दोनदा लागतो, एखादा गळतो, एखादा उलटा बसतो. त्यामुळे पान १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे सांधे बघत जायचं. पुढचा कोरा कागद, श्रेयनामावली यांनी आकडे एखाद-दोन पानांनी सरकतात, पण क्रम तुटला तर लगेच कळतं. एका प्रतीला मिनिटभर लागतो. हे न करता बांधलेलं पुस्तक परत आलं, तर चूक छापखान्याची असली तरी नाव आमचं खराब होतं.

कागद ८० ते १०० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा. त्याहून पातळ असला तर भडक मुखपृष्ठ आणि जाड टायपातलं नाव दिव्याखाली आरपार दिसतं. १२० च्या वर गेलं की घडी फुगते आणि कोपरे फाटतात. साडेआठ बाय साडेपाच इंचाच्या डेमी पुस्तकाला, जाडी अर्धा इंच धरून, १४ बाय १२ चा तुकडा लागतो. २० बाय ३० च्या शीटमधून असे दोनच निघतात. उरलेल्या ६ इंची पट्टीच्या चिठ्ठ्या होतात.

टेप कागदाला कागदावरच लावायची, पुस्तकाला कधीच नाही. मॅट लॅमिनेशनवर चुकून चिकटली की निघताना मुखपृष्ठाचा पापुद्रा घेऊनच निघते. सेलोटेप काचेजवळच्या उन्हात पिवळी पडते आणि कडेने चिकट पाझरते, म्हणून मास्किंग टेपचे दोन तुकडे बास. फेव्हिकॉलने कागदाला लाटा येतात. सुतळी दिसायला छान, पण तिचे तंतू झडतात. आम्ही सुती दोरा वापरतो आणि सुरगाठ मारतो. निरगाठ मारली की लोक दोरा सोडत बसत नाहीत, कागदासकट ओरबाडतात.

खरी मेहनत चिठ्ठीची. ‘हृदयस्पर्शी कादंबरी’ लिहिण्यात अर्थ नाही, तसली शेकड्याने असतात. आमची एक चिठ्ठी अशी: ‘कोकणातलं घर, तीन भाऊ, वाटणी. विनोदी नाही. १७६ पानं. आजारपणात वाचू नये.’ पुरस्कार आणि साल लिहिलं की जाणकार लगेच ओळखतो. ज्या गावात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथे जाणकार कमी नाहीत. चिठ्ठी आधी दुकानातल्या दुसऱ्या माणसाला वाचून दाखवायची. मिनिटाच्या आत त्याने नाव सांगितलं तर ती फाडायची. पानसंख्या मात्र हवीच. संध्याकाळी स्टेशनवरून येणारं गिऱ्हाईक आधी पुस्तक हातात तोलतं, रोजच्या लोकलच्या बॅगेत मावणार का ते बघतं.

किमतीचे तीन गट: १५०, २५०, ३५० रुपये. छापील किंमत नेहमी गटाइतकी किंवा जास्त. कागद-दोऱ्याचा खर्च आमच्या कमिशनमधून. बरोबर कॉफीचा मग किंवा कॉफी देऊन एकच किंमत लावावी असं बरेच जण सुचवतात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण असा संच ‘मिश्र पुरवठा’ ठरला की सगळ्या रकमेवर त्यातला सर्वांत जास्त दर लागतो. कॉफीचा मग हवा तर वेगळा घ्या.

एक गोष्ट सुरुवातीला कुणाच्याच लक्षात आली नव्हती. बिलावर पुस्तकाचं नाव छापून येत होतं! आता बिलात ‘गु-२१४’ असा क्रमांक जातो, तोच चिठ्ठीच्या मागे असतो, आणि रात्री वहीवरून साठा वळता करतो. वाचलेलं पुस्तक निघालं तर सात दिवसांत एकदा बदलून मिळतं, चिठ्ठी आणि बिल हवं. परत आलेली प्रत पुन्हा बांधत नाही, साध्या कपाटात जाते. दिवाळीत टेबल अंकांना द्यावं लागतं. दिवाळी अंक लोक मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका बघूनच घेतात, ते झाकून चालत नाही.

पावसाळ्यात कागद सर्दावतो, घड्या ढिल्या पडतात, आणि बंद पुस्तकाला कुबट वास धरतो. जून ते सप्टेंबर एका वेळी दहाच बांधतो, टेबल बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवतो, आणि ४५ दिवसांत न गेलेलं पुस्तक उघडून कपाटात लावतो. कागदाची खरेदी एप्रिलमध्येच उरकलेली बरी. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सगळं ठाणे शाळेच्या वह्यांना खाकी कव्हरं घालत असतं, आणि चांगला कागद हवा तेव्हा हाती लागत नाही.