ब्रिकेट प्लांटची फायर सेफ्टी करून घेताना: माझा अनुभव

यवतमाळकडे एका ब्रिकेट प्लांटचं मेंटेनन्स माझ्याकडे आहे. पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचं कुटार घ्यायचं, हॅमर मिलमध्ये बारीक करायचं, ड्रायरमधून वाळवायचं आणि प्रेसमध्ये दाबून पांढरा कोळसा, म्हणजेच ब्रिकेट, काढायचा. विम्याच्या नूतनीकरणाला सर्व्हेअरने अटींची यादी दिली. मालकांनी ती माझ्याकडे सरकवली, "हे तूच बघ रे."

कागदांचं काम लवकर आटोपलं. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे लायसन्सवाल्या एजन्सीकडून यंत्रणा बसवून घ्यायची, ती नीट बसवल्याचा तिचा दाखला, म्हणजे नमुना 'अ', घ्यायचा आणि मग दर जानेवारी-जुलैला यंत्रणा चालू असल्याचा नमुना 'ब'. एजन्सीची पोरं आली, आग विझवायच्या बाटल्या टांगल्या, होज रीलचं पाणी उडवून बघितलं. चोख काम. पण हे सगळं आग लागल्यानंतरचं. खरा घाम निघाला तो आग लागूच नये म्हणून करायच्या कामांत.

सर्व्हेअरने शेडमध्ये शिरल्या शिरल्या शिडी मागितली. वर चढून छपराच्या ट्रसच्या अँगलवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. मैद्यासारखी मऊ, करडी भुकटी. जमिनीवरचा भुसा नुसता जळतो. हीच भुकटी हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. त्यातही पहिला भडका लहान असतो. त्याच्या हादऱ्याने वरची धूळ खाली येते, ती पेटते आणि शेड उडते ती या दुसऱ्या स्फोटात. अमेरिकेत जॉर्जियामधल्या इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात २००८ मध्ये असंच झालं, १४ माणसं गेली. तिथे तर साखरेची धूळ होती.

म्हणून पहिला नियम केला, कॉम्प्रेसरची हवा मारून साफसफाई बंद. यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरूनही झाली नाहीत. प्रेसवरचे काका म्हणाले, "साहेब, हवेनं पाच मिनिटांत होते, झाडूनं अख्खी शिफ्ट जाते."
"काका, हवेनं ती जात नाही, वर जाऊन बसते."
शेवटी मऊ ब्रश आणि धुळीसाठीचा खास व्हॅक्यूम घेतला. साधा चालत नाही, त्याच्या मोटरमध्येच ठिणगी असते. खालचा रंग दिसेनासा झाला की त्या दिवशी साफसफाई, मोजमापाची भानगड नाही. बाटलीवाल्या पोरांना शिकवलं ते वेगळंच: भुकटीच्या ढिगावर पाण्याची जोरदार धार मारायची नाही, ढग उठतो. फवाराच मारायचा.

हॅमर मिलच्या तोंडाशी चुंबक बसवला. सकाळी त्याला चिकटलेलं काढून ट्रेमध्ये टाकायचं. तारेचे तुकडे, नटबोल्ट, विळ्याचं टोक, एकदा तर बैलाची नाल. यातलं काहीही हॅमरवर आपटलं की ठिणगी, आणि ती भुशाबरोबर थेट सायक्लोनमध्ये, म्हणजे हवेतून भुसा वेगळा करणाऱ्या नरसाळ्यासारख्या टाकीत. चुंबक दगड धरत नाही, त्यामुळे आधी चाळणीही लागली. ड्रायरला इंटरलॉक केला: माल यायचा थांबला की भट्टीची गरम हवा आपोआप बंद. नाहीतर ओला माल नसलेल्या ड्रायरमध्ये तापमान चढतं आणि आत चिकटलेलं कुटार पेट घेतं.

यार्डातल्या गंजीची काळजी मला सगळ्यात जास्त वाटते, कारण तिथे ठिणगीचीही गरज नाही. अवकाळी पावसात भिजलेला माल आत दाबला गेला की जिवाणू त्याला साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवतात. पुढे ते मरतात, पण तोवर मालाचं हवेशी ऑक्सिडेशन सुरू झालेलं असतं आणि उष्णता वाढतच राहते. आम्ही लांब दांड्याचा थर्मामीटर आणला; साठच्या वर गेला की गंजी मोडायची. आधी टँकर उभा करायचा, मगच जेसीबीला हात लावू द्यायचा, कारण धुमसणाऱ्या ढिगाला हवा लागली की तो भपकन पेटतो. एक गंजी अशी उघडली तर आतलं कुटार चहाच्या चोथ्यासारखं काळपट झालं होतं, वाफ येत होती आणि जळक्या तंबाखूचा वास. बाहेरून हात लावला तर थंडगार. आता गंज्या लहान, मध्ये जेसीबी फिरेल एवढी वाट, आणि जुना माल आधी मिलला. ताज्या ब्रिकेटचीही थप्पी लगेच लावत नाही. कूलिंग लाइनवरून उतरल्या तरी आत गरम असतात.

विमा झाला. एक अट मुदत घेऊन राहिली आहे: सायक्लोनवरचं स्फोट-झडपेचं पॅनेल. आत दाब वाढला की ते फाटतं आणि ज्वाळा बाहेर पडते, म्हणून त्याचं तोंड माणसं नसतील तिकडेच हवं. आमच्याकडे ते तोंड नेमकं ट्रॅक्टरच्या रस्त्यावर येतं. मालक म्हणतात, पऱ्हाटीचा हंगाम उरकू दे, मग सायक्लोनच फिरवू. तोवर तो रस्ता मी बंद केलाय आणि ट्रॅक्टर मागच्या गेटने घेतोय. तिकडे चढ आहे, ड्रायव्हर रोज कुरकुरतात.