आमची वाटचाल : पिंजऱ्याखालच्या ट्रेपासून

अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठावर आमचं गाव. २०१३च्या दिवाळीनंतर आम्ही दहा सशांचं एक युनिट विकत घेतलं. त्यात सात माद्या आणि तीन नर होते, काही न्यूझीलंड व्हाइट तर काही सोव्हिएत चिंचिला जातीचे. युनिट विकणाऱ्यांनी पिल्लं परत विकत घेण्याचा करार स्टॅम्प पेपरवर करून दिला होता. सव्वा वर्षात त्यांचे फोन लागेनासे झाले. कापसाचे सगळे पैसे त्यात घातले होते, ते बुडाले. त्यावर आता जास्त लिहीत नाही. त्याच काळात शेडमध्ये जे घडत होतं, ते त्या कराराहून मोठं होतं आणि आजचा आमचा धंदा त्यावरच उभा आहे.

पहिला पावसाळा होता. दीड-दोन महिन्यांची पिल्लं संध्याकाळी चारा खायची आणि सकाळी मरून पडलेली दिसायची. तीन आठवड्यांत तेवीस पिल्लं गेली. सापाची शंका आली म्हणून शेडभोवती जाळी ठोकली. मंडळींनी दाराला लिंबू-मिरची बांधली. प्रत्येक मेलेल्या पिल्लाचं पोट मात्र माठासारखं फुगलेलं असायचं आणि पाठीवरून हात फिरवला की कण्याचे मणी बोटांना टोचायचे. वरून पोट भरलेलं, आतून उपाशी. ते आम्हाला दिसत होतं, पण त्याचा अर्थ कळत नव्हता.

शेवटी एक पिल्लू पिशवीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ते माझ्यासमोर उघडलं. लिव्हर नेहमीच्या दुपटीहून मोठं झालं होतं आणि त्यावर भिजवलेल्या साबुदाण्याएवढ्या पांढरट-पिवळ्या गाठी होत्या. एक गाठ त्यांनी ब्लेडने कापली, आत दह्यासारखा पातळ पू. "कॉक्सिडिया. लिव्हरमधला," ते म्हणाले. घरी परत येताना मोटारसायकलवर मला रडू आलं. हे सगळं आत वाढत असताना मी रोज त्याच पिल्लांना उचलून घेत होतो.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मी अजूनही प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. या परजीवीची अंडी लेंडीतून बाहेर पडतात, पण बाहेर पडताक्षणी ती रोग देत नाहीत. ओल आणि हवा मिळाली की दोन-तीन दिवसांत ती पक्व होतात आणि मग चाऱ्याबरोबर, पायाला लागून, दुसऱ्या सशाच्या पोटात जातात. म्हणजे रोज लेंडी उचलली तर साखळी तिथेच तुटते. आमच्याकडे लाकडी फळ्यांची जमीन होती, तिच्यावर ओलं गोणपाट आणि आठवड्याला एकदा झाडलोट. रोग आम्हीच पाळला होता.

आम्ही फळ्या काढल्या, लोखंडी जाळीचे पिंजरे केले आणि खाली ट्रे बसवले. फिनाईलने ही अंडी मरत नाहीत. उकळतं पाणी, गॅसच्या बर्नरची धग आणि कडक कोरडं ऊन, यांनी मरतात. ऊन तर खान्देशात फुकट. आजही रिकामा झालेला पिंजरा तीन दिवस उन्हात पडल्याशिवाय त्यात नवा जीव जात नाही. औषध डॉक्टर वजनावरून ठरवतात, आम्ही स्वतःच्या मनाने देत नाही.

पण पिल्लं मरण्याआधी ओळखायचं कसं, हा प्रश्न राहिलाच. ससा ही शिकार होणाऱ्या जनावराची जात. कोल्ह्याला, घारीला आजारी जनावर आधी दिसतं, म्हणून ससा दुखणं लपवतो. माणूस जवळ गेला की मान वर करून नीट बसतो. माझी माय शेळ्या राखून म्हातारी झालेली. ती म्हणाली, "मुकं जनावर शे रे भाऊ, त्यान्या लेंड्या देख." तेव्हापासून आमचा दिवस ट्रेपासून सुरू होतो.

निरोगी मोठ्या सशाची लेंडी हरभऱ्याएवढी, गोल आणि कोरडी असते, चिमटीत फोडली तर आत गवताचा भुसा दिसतो. ती मुगाएवढी झाली, काळी-कडक झाली, किंवा केसांत ओवलेल्या माळेसारखी लोंबू लागली, की आतडं मंदावलंय हे समजावं. लेंड्यांच्या जागी जेलीसारखा चिकट पदार्थ आला तर तो दिवस धावपळीचा. आणि ट्रे कोरा असेल तर ते सगळ्यात वाईट. लोकांना वाटतं, हगवण नाही म्हणजे पोट ठीक आहे. सशाचं तसं नसतं. त्याला उलटी होत नाही आणि त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास खाणं आणि लेंडी दोन्ही बंद असतील तर वाट पाहायची नसते, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणखी एक गोष्ट नवख्यांना घाबरवते. ससा रात्री किंवा पहाटे मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या बारीक घडासारखी विष्ठा टाकतो आणि थेट तोंडाने उचलून खातो. ते बरोबरच आहे, त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं परत मिळतात. काळजी तेव्हा करायची, जेव्हा हे घड सकाळी न खाता पडलेले दिसतात. बहुतेक वेळा खुराक जास्त आणि कडबा-गवत कमी झालेलं असतं. कधी दात वाढलेले असतात, कधी कंबर दुखत असते आणि मान खाली पोचत नाही.

आमच्याकडे एक चिंचिला मादी होती, पाच वेतांची, शांत. एका सकाळी तिचा चारा तसाच होता. वरून काही दिसत नव्हतं. मी वाकून ऐकलं तर दात करकर वाजत होते. लाड केल्यावर ससा हलकेच दात घासतो, तो आवाज वेगळा. हा सुपारी फोडल्यासारखा, थांबून थांबून. डोळे अर्धे मिटलेले, पाठ कमानीसारखी, कान हाताला गार. पोटाला कान लावला तर गुडगुड नाही. डॉक्टर येईपर्यंत आम्ही तिला उबेला ठेवलं. ती वाचली. लेंडी आली तेव्हा सव्वीस तास झाले होते आणि मंडळींनी तो ट्रे मला उचलून आणून दाखवला.

पावसाळ्यात दुसरं दुखणं येतं. ससा शिंकतो, नाक पुसतो आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून गुठळ्या होतात. नाक कोरडं दिसलं तरी पाय खरं सांगतात. ते पुढे फुप्फुसात उतरतं. शेडमध्ये पाय ठेवताच मुताच्या वासाने डोळे चुरचुरले, तर सशाच्या नाकाचं काय होत असेल याचा विचार करावा. आम्ही भिंतीची वरची चार फूट वीट काढून तिथे जाळी लावली, तेव्हा शिंका कमी झाल्या.

उन्हाळा हे आमच्या भागाचं खरं संकट. जळगाव-भुसावळला पारा ४५च्या वर जातो आणि सशाला तिशीनंतरच त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, उष्णता बरीचशी कानांतून बाहेर पडते. त्याचं साधारण तापमान ३८.५ ते ४० अंश असतं. कान लालभडक, तोंड उघडून श्वास, हनुवटीला लाळ, एवढं दिसलं की सावलीत नेऊन कान साध्या गार पाण्याने ओले करायचे. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही. उन्हाने नर काही आठवडे निकामी होतात, म्हणून आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, पाऊस पडेपर्यंत आम्ही जोड लावत नाही. त्यात उत्पन्न बुडतं, ते आम्ही मान्य केलंय.

करार बुडाल्यावर आम्ही पैदाशीच्या आणि घरी पाळायच्या जोड्या विकायला लागलो. लेंडीखत रोपवाटिकावाले नेतात. खरी ओळख मात्र फोनमुळे झाली. धुळ्याहून एका ताईंचा रात्री फोन, सशाला लाल लघवी होतेय म्हणून. बीटाची पानं खाल्ली होती. कधी कधी चाऱ्यातल्या रंगद्रव्यांमुळे लघवी लाल-तपकिरी होते आणि दुधाळ, चुन्यासारखी लघवी तर सशाला नेहमीच होते. पण रक्ताच्या गुठळ्या असतील आणि मादी तीन-चार वर्षांची असेल, तर गर्भाशयात गाठ असू शकते. ते फोनवर सांगून भागत नाही, तपासणीच लागते. दुसऱ्या एका घरी लहान मुलाचं अमॉक्सिसिलीन सिरप उरलं होतं, ते त्यांनी मायेने सशाला पाजलं. चार दिवसांत ससा गेला. हे औषध तोंडाने दिलं की सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि विष तयार करणारे वाढतात. त्या घरातल्या मुलीचं रडणं मी फोनवर ऐकलं. तेव्हापासून प्रत्येक जोडीबरोबरच्या कागदावर हे औषध तोंडाने देऊ नका, हे वाक्य सगळ्यात वर, लाल शाईने असतं.

त्या कागदाबरोबर एक वहीही देतो. रविवारचं वजन, उरलेला चारा आणि लेंडी, एवढ्याच रकान्यांची. गिऱ्हाईक वजनकाटा घ्यायला कुरकुरलं तर मी जोडी देत नाही. यामुळे काही जण परत गेले आहेत. अंगावर दाट केस असल्याने रोड झालेला ससा गुबगुबीतच दिसतो, त्यामुळे डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

ससे बघायला यायचं असेल तर सकाळी साडेसहाला या. त्या वेळी ट्रे बाहेर काढलेले असतात. जो पिंजरा आवडेल त्याचा ट्रे आधी बघा, मग ससा हातात घ्या.