फिश पॅनेल निगेटिव्ह, तरी मासा खाल्ला की अंगावर पित्त

आम्ही सीकेपी, तीन पिढ्या बडोद्यात दांडिया बाजारात, त्यामुळे मासे सोड असं कुणी म्हटलं की मला आधी रागच येतो. मागच्या थंडीत बांगड्याचं कालवण खाल्लं आणि दोनेक तासांनी तळहात खाजायला लागले, मग पोटावर गांधी उठल्या. सासूबाईंनी आमसुलाचा कोळ चोळला, सकाळपर्यंत गेलं, विषय संपला. पण तिसऱ्या वेळेला ओठ सुजले, श्वास लागायला लागला, मग रात्रीच धावपळ करून इंजेक्शन घ्यावं लागलं.

पहिल्या डॉक्टरांनी फिश पॅनेल, म्हणजे माशांच्या अ‍ॅलर्जीची रक्ततपासणी, सांगितलं, ते निगेटिव्ह आलं. म्हणाले बांगडा शिळा असेल, बर्फात नीट ठेवला नाही की त्यात हिस्टामिन नावाचं खाज-पित्त उठवणारं रसायन तयार होतं, शिजवूनही जात नाही. पटलं मला. पण मग तेच कालवण खाल्लेल्या ह्यांना आणि नणंदेला काहीच कसं झालं नाही?

शेवटी अ‍ॅलर्जीवाल्या मॅडमकडे गेले. त्या पक्क्या गुजराती, हसून म्हणाल्या "अमे तो माछली खाता ज नथी", पण प्रश्न असले विचारले की बस, कुठला मासा, किती वाजता खाल्ला, किती वेळाने खाज आली, आणि साफ करताना पोटात काही दिसलं का. तेव्हा आठवलं, सासूबाईंनी एकदा पांढरी दोऱ्यासारखी गुंडाळी काढून फेकली होती. ती अनिसाकिस नावाची अळी असू शकते म्हणाल्या, समुद्रातल्या माशांत असते, दोन-तीन सेंटीमीटरची. शिजवून किंवा उणे २० डिग्रीला ७ दिवस ठेवून अळी मरते, पण तिची काही प्रोटीन्स उष्णतेलाही टिकतात आणि ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला मेलेली अळीसुद्धा पुरते. म्हणजे अ‍ॅलर्जी माशाची नाही, माशातल्या किड्याची! हे ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

प्रिक टेस्टसाठी, म्हणजे कातडीवर टोचून करायच्या अ‍ॅलर्जी तपासणीसाठी, आठवडाभर खाजेच्या गोळ्या बंद, तो आठवडा नकोच आठवायला. माशांचं सगळं निगेटिव्ह, धुळीतल्या माइट्सचं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांचं, पॉझिटिव्ह. अनिसाकिसचं आयजीई (अ‍ॅलर्जी दाखवणारं रक्तातलं प्रतिपिंड) त्या पॅनेलमध्ये नव्हतंच, वेगळं सांगून रक्त बाहेरगावी पाठवावं लागलं, रिपोर्ट पॉझिटिव्ह. मला वाटलं झालं, सापडलं. तर मॅडम म्हणतात नुसत्या रिपोर्टवर जाऊ नका, माइट्स, झुरळं, कोळंबी यांच्यात ह्या अळीशी मिळतंजुळतं प्रोटीन असतं, त्यामुळेही कधी पॉझिटिव्ह येतं. म्हणून तिन्ही वेळेची हकीकत, माशांचं निगेटिव्ह आणि हे, असं सगळं एकत्र धरून निदान केलं. हिस्टामिनचं असतं तर घरात आणखी कुणाला तरी झालं असतं, हेही त्यांनी मोजलं.

आता समुद्राचे मासे बंद, तळ्यातले रोहू-कटला चालतात, आणि पर्समध्ये अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे जोराची अ‍ॅलर्जी उठली तर लगेच घ्यायचं इंजेक्शन. मी विचारलं, पावसाळ्यात भरूचला नर्मदेत पाला मिळतो तो नदीचाच ना? तर म्हणाल्या तो समुद्रातूनच वर चढतो, नको. एवढी शाकाहारी बाई, तिला हे बरं माहीत!