पाच डॉलरची मांजर

मांजर आडवं गेलं की निघालेला माणूस दोन मिनिटं थांबतो, आणि तिकडे अमेरिकेत एका रेल्वे कंपनीने चक्क मांजरच जाहिरातीला घेतलं, तेही झोपलेलं! रेल्वेचे लोगो बघत बसायचा मला जुना नाद आहे. बहुतेकांना वेग नाहीतर ताकद दाखवायची असते, पंख लावलेली चाकं, गरुड वगैरे. आपला भोलू हत्तीसुद्धा (२००२, भारतीय रेल्वेचं दीडशेवं वर्ष) हिरवा कंदील धरून ड्युटीवर उभा आहे. ही मांजर, नाव चेसी, मात्र पांघरूण ओढून पडलीय, एक पंजा तेवढा बाहेर.

कंपनी म्हणजे चेसापीक अँड ओहायो. यांचा खरा धंदा कोळशाचा, वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणींतून माल उचलायचा आणि पोचवायचा. पण १९३२ साली त्यांनी 'जॉर्ज वॉशिंग्टन' नावाची पूर्ण एसी गाडी सुरू केली, वॉशिंग्टनच्या जन्माला तेव्हा दोनशे वर्षं झाली होती म्हणून ते नाव. आज एसी डब्याचं काय कौतुक, पण वाफेच्या इंजिनामागे उन्हाळ्यात झोपायचं म्हणजे खिडकी उघडली तर काजळी आणि कोळशाचे कण तोंडावर, बंद केली तर घामाच्या धारा, त्यामुळे रात्रभर शांत झोप ही खरोखर विकण्यासारखी गोष्ट होती. फक्त ती चित्रात दाखवायची कशी? एसी मशीनचा फोटो छापून कुणाला झोप येणार!

जाहिरातीचं काम बघणाऱ्या लायनेल प्रोबर्टला पेपरात एक एचिंग (धातूच्या पत्र्यावर बारीक रेघा कोरून छापलेलं चित्र) दिसलं, व्हिएन्नाच्या गुइडो ग्रूनेवाल्डने काढलेलं, पांघरुणात गुरफटलेलं मांजरीचं पिल्लू. चित्रात रेल्वेचा मागमूस नाही, रूळ नाही की डबा नाही. कंपनीने ते वापरायचे हक्क पाच डॉलरला घेतले आणि सप्टेंबर १९३३ च्या 'फॉर्च्यून' मासिकात जाहिरात आली, 'मांजरीच्या पिल्लासारखं झोपा' अशा अर्थाची. महामंदीचा काळ होता, लोकांची झोप तशीही उडालेलीच होती, आणि हे पिल्लू लोकांना इतकं आवडलं की १९३४ पासून कॅलेंडरं छापायला लागले.

मग संसारच सुरू झाला तिचा. १९३५ ला दोन पिल्लं आली, आणि पिल्लांचा बाप यायला १९३७ उजाडलं 😄 त्याचं नाव पीक. म्हणजे चेसी अधिक पीक, झालं चेसापीक. मला ही कल्पना फार आवडते, कारण कंपनीचं नाव मांजरांना दिलं असं न वाटता मांजरांवरूनच कंपनीचं नाव पडलं असं वाटायला लागतं. दुसऱ्या महायुद्धात हा पीक लढायला गेला आणि चेसी घरी राहून वॉर बाँडचा, म्हणजे युद्धासाठी सरकारने काढलेल्या कर्जरोख्यांचा, प्रचार करत होती, जाहिरातवाल्यांनी काही म्हणजे काही सोडलं नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. १९७२ साली कंपनीने आपल्या सगळ्या रेल्वे मिळून 'चेसी सिस्टीम' हे नाव घेतलं आणि नवा लोगो केला, इंग्रजी सी अक्षर आणि त्याच्या पोटात झोपलेल्या मांजराची बाह्यरेषा. केस, डोळे, पांघरुणाच्या चुण्या, सगळं गाळलं. एचिंगमधल्या त्या बारीक रेघा इंजिनाच्या अंगावर लांबून दिसल्याच नसत्या, म्हणून नुसता आकार ठेवला, आणि तरी बघताक्षणी कळतं की मांजर आहे आणि झोपलंय. पिवळ्या, शेंदरी, निळ्या रंगात रंगवलेली ती इंजिनं अजून लोक मॉडेल म्हणून गोळा करतात.

आता तारीख बघा. मे १९७१ मध्येच अमेरिकेतल्या बहुतेक पॅसेंजर गाड्या अॅमट्रॅक या सरकारी रेल्वे कंपनीकडे गेल्या होत्या, 'जॉर्ज वॉशिंग्टन'सकट. म्हणजे जी मांजर प्रवाशांच्या झोपेसाठी आणली ती इंजिनावर चढली तेव्हा मागे झोपायला प्रवासीच नव्हते, नुसत्या कोळशाच्या वाघिणी, आणि त्यांच्या खडखडाटात ही बया मजेत झोपलेली.

१९८० ला सीबोर्ड या दुसऱ्या रेल्वेच्या लोकांबरोबर विलीनीकरण होऊन सीएसएक्स ही नवी कंपनी झाली, १९८७ मध्ये चेसी सिस्टीमही त्यात विरून गेली, लोगो गेला. सीएसएक्समधला सी तेवढा चेसीचा.