हुलग्याची वही: माडगं बसलं, आता शेंगोळी

जात्याला टाकी लावून घेतली. मागच्या नोंदीपासून अडलेलं काम त्यामुळे एकदाचं मार्गी लागलं. दोन्ही दगड झिजून गुळगुळीत झाले होते, हुलगा (म्हणजे कुळीथ) भरडायच्या ऐवजी घसरून तसाच बाहेर यायचा. आता दगडाला धार आहे आणि मूठ मूठ वैरलं की हवी तशी जाडसर भरड पडते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. आम्ही राहतो साताऱ्यात, मूळ गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला. आमच्या या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माणला त्याचा दहावा हिस्साही मुश्किलीने. तसल्या माळावर बाजरी, मटकी आणि हुलगा हीच भरवशाची पिकं. १९७२च्या दुष्काळात दुष्काळी कामावर सुकडी (पौष्टिक कोरडा खाऊ) मिळायची, घरी मिलोची (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची) लाल भाकरी आणि हुलग्याचा कट (हुलगा शिजवलेल्या पाण्याचं सार), एवढ्यावर दिवस काढल्याचं आत्या सांगते. शहरात आल्यावर आमच्या घरातून माडगं (हुलग्याच्या पिठाची गोड पेज), शेंगोळी (रश्शात शिजवलेली पिठाची कडी), कट एकेक करून मागे पडले. ते परत चुलीवर आणायचे आणि प्रमाणासकट लिहून ठेवायचे, यासाठी ही वही.

या खेपेचा हुलगा दहिवडीच्या बाजारातून आणला. बारीक, चपटा, विटकरी-करडा दाणा. निवडायला मात्र हे धान्य चिवट आहे, कारण त्यात त्याच रंगाचे आणि तेवढेच खडे असतात. पाखडून ते जात नाहीत. आत्या रोळून काढते. पातेल्यात भरपूर पाणी घ्यायचं, हुलगा बुडवून पातेलं हलकेच गोल फिरवायचं आणि वर तरंगत फिरणारा दाणा पाण्यासकट दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं. खडा जड, तो तळाला बसतो. शेवटची मूठभर जी उरते ती बोटांनी चाचपायची, सगळे खडे तिथेच सापडतात. मिक्सर आणि गिरणीच्या काळातही याला दुसरा उपाय मला दिसलेला नाही.

पुढचं सरळ आहे. रात्रभर भिजवायचा, फडक्यात बांधायचा, मोड डोकावला की पसरून कडकडीत उन्हात वाळवायचा. मोड लांब होऊ द्यायचा नाही.

खरी परीक्षा भाजण्याची. लोखंडी कढई, मंद आच, हात सतत फिरता. दाणे तडतडायला लागले तशी मी कढई उतरवायला गेलो, तर आत्या म्हणाली, "आरं थांब जरा. तडतडला म्हंजी भाजला असं न्हवं. चावून बघ, कच्चाट लागतंय का." चावून बघितलं, आत अजून हिरवट चव होती. आणखी थोडा वेळ हलवल्यावर खमंग वास सुटला आणि दाणा दाताखाली कुडकन मोडला. वहीत आता भाजण्यापुढे मिनिटं लिहिलेली नाहीत, "चावून बघणे" एवढंच लिहिलं आहे.

माडग्याचं प्रमाण पक्कं झालं: एक वाटी भरडीचं पीठ, सहा वाट्या पाणी, अर्धी वाटी चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ, सुंठ आणि थोडे जिरे. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं आणि मग उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचं. कोरडं पीठ गरम पाण्यात पडलं की वरून लगेच फुगतं, आत कोरडंच राहतं आणि गुठळ्या होतात. गूळ शेवटी. आत्याची पिठाची मूठ वजनकाट्यावर ठेवून बघितली, ४० ग्रॅमच्या आसपास भरते, त्यामुळे तिचं "मूठभर" आता कुणालाही करता येईल.

वडिलांना त्या आठवड्यात ताप होता, तोंडाला चव नव्हती. वाटीभर माडगं पिऊन त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली. "माझ्या आजीच्या हातचं असंच लागायचं," म्हणाले. विकतच्या पिठाचं माडगं आम्ही अधूनमधून करायचो, ते पोटाला चांगलं असायचं, पण त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. गूळ तोच होता, सुंठही तीच. माझ्या मते सगळा फरक भाजण्यात आणि भरडीत आहे, आणि आता त्याबद्दल मला शंका उरलेली नाही.

शेंगोळ्यांवर काम चालू आहे. त्याला पीठ बारीक लागतं. लसूण, जिरे, हिरवी मिरची वाटून घालायची, ओवा, हळद, मीठ, आणि बांधायला थोडं गव्हाचं पीठ. घट्ट मळून लिंबापेक्षा लहान गोळा घ्यायचा, दोन तळव्यांत घासून वळी करायची आणि टोकं जुळवून कडं करायचं. आत्याची वळी शेवटपर्यंत एकसारखी जाड असते, म्हणून सगळी शेंगोळी एकदमच शिजतात. माझी मधे जाड, टोकाला बारीक. टोकं विरघळतात तोवर मध्य कच्चा. तळव्याला तेल न लावता वळल्यावर सुधारणा दिसते आहे.

रश्शाचं अजून ठरत नाही. आत्या फोडणीच्या पाण्यात हुलग्याचंच पीठ कालवून दाटपणा आणते, आई दाण्याचं कूट घालते. पिठाने चव खणखणीत येते, कुटाने रस्सा मऊ लागतो. मला आत्याची बाजू पटते, पण घरात मतं सारखी विभागली आहेत. आटपाडी, जत, खटावच्या मंडळींकडे काय पद्धत आहे ते कळवा, प्रमाणासकट. कुणाकडे हुलग्याचे सांडगे होत असतील तर तेही हवे आहेत. उन्हाळी वाळवणाच्या आधी हाताशी असलेले बरे.