कढीपत्त्याजवळचा पाऊण तास

"तुला त्या आठ पायांच्या कोळ्यांची किळस कशी येत नाही?" हा पहिला प्रश्न. मागोमाग दुसरा, जरा खालच्या आवाजात : "लोक एवढं बोलतात, तरी सोडलं नाहीस?" परवा एका बारशाला पुन्हा दोन्ही आले. पाळण्यापाशी नीट सांगता आलं नाही. तेच तुम्हीही विचारलंत म्हणून आता सांगते.

मी कोळी बघते. पकडत नाही, डबीत ठेवत नाही. बघते आणि वहीत लिहिते. आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो, गच्चीवरून येऊरचा डोंगर दिसतो. एका पावसाळ्याच्या शेवटी आमच्या कंपाउंडमध्ये, कढीपत्ता आणि पाण्याचा पाइप यांच्या मधे, कोळ्याची एक मादी जाळं विणत होती. हातात भाजीची पिशवी घेऊन मी पाऊण तास तिथेच उभी राहिले. आधी तिने एक धागा वाऱ्यावर सोडला. तो पलीकडे चिकटल्यावर त्यावरून जाऊन पक्का केला. मग चौकट, मग चाकाच्या आऱ्यांसारखे धागे. त्यावर मधून बाहेर जाणारी विरळ फेरी. ही चिकट नसते, नुसती पाय ठेवायला, परांचीसारखी. शेवटी बाहेरून आत येत तिने खरा चिकट धागा घातला आणि येता येता ती परांची काढून टाकली. हे सगळं अंधारात, पायांना लागणाऱ्या धाग्याच्या अंदाजावर. पहाटे जाळं गुंडाळून ती खाऊन टाकते, त्यातली प्रथिनं पुन्हा धाग्याच्या कामी येतात. संध्याकाळी नवं जाळं.

तेव्हापासून बोलणी खाते आहे. रात्री बॅटरी घेऊन झुडपांत काय शोधता, असं सोसायटीच्या सभेत विचारलं गेलं. थोरले दीर चारचौघांत म्हणाले, घरात लक्ष असतं तर हे सुचलं नसतं. ते फार लागलं. त्या रात्री मी खाली गेले नाही. दुसऱ्या रात्री गेले, कारण पालापाचोळ्यात लांडगा कोळ्याची, म्हणजे जमिनीवर फिरून शिकार करणाऱ्या कोळ्याची, एक मादी अंड्यांची पिशवी मागे बांधून फिरत होती आणि पिल्लं बाहेर पडली असतील का, हे मला कळायला हवं होतं. पडली होती. सगळी आईच्या पाठीवर. बॅटरीच्या उजेडात तिचे डोळे चमकत होते. दिरांचं बोलणं तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

सासूबाईंची हरकत वेगळी आहे आणि ती मला कधी वरवरची वाटली नाही. अंगावर कोळी मुतला की फोड येतात, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या. असे फोड पुष्कळदा नागिणीचे असतात, म्हणजे विषाणूचे. किंवा पावसाळ्यात दिव्यावर येणारा एक बारीक भुंगेरा त्वचेवर चिरडला गेल्याचे. हे मी त्यांना एकदाच सांगितलं, शांतपणे.

आणखी एक गोष्ट सांगायचीच आहे. २०२१ मध्ये आपल्या ठाण्यातल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदवली आणि तिचं नाव ठेवलं आयसियस तुकारामी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर गोळ्या झेलत अतिरेक्याची बंदूक हातांनी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे, त्यांच्या स्मरणार्थ. बातमी वाचताना मला रडू आलं. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी हात जोडले, मग विचारलं, "केवढा असतो गं तो?" मी करंगळीचं नख दाखवलं.

त्यांचं मत काही बदललेलं नाही. घरात जळमटं म्हणजे अवलक्षण, हे त्या आजही म्हणतात आणि दसऱ्याच्या आधी सगळे कोपरे झाडून घेतात. घर त्यांचं, बाल्कनी माझी, असं आमचं ठरलं आहे. यंदाही लांब काठीचा झाडू घेऊन त्या बाल्कनीच्या दारापर्यंत आल्या, कुंड्यांमधलं जाळं पाहिलं, आणि आत वळल्या.