कॉर्दजवळच्या घराची एका आठवड्याची किल्ली

गेल्या वर्षी जूनमध्ये मी, पत्नी आणि आई असे तिघे दक्षिण फ्रान्समधल्या कॉर्द-सुर-सिएल या डोंगरावरच्या गावाजवळ एक आठवडा राहिलो. आईच्या पथ्यामुळे हॉटेलचा विचार आधीच बाद झाला होता, म्हणून स्वयंपाकघर असलेले अख्खे घर आठवड्याच्या भाड्याने घ्यायचे ठरले. अशा घराला तिकडे ‘जीत’ म्हणतात. आपल्या हार-जितीशी त्या शब्दाचे काही नाते नाही, पण सगळे कागद पुरे होईपर्यंत ते असावे असे मला वाटू लागले होते.

मालकीणबाईंनी करारनामा पाठवला. मुक्काम शनिवार ते शनिवार आणि भाड्याचे 25 टक्के आगाऊ, इथपर्यंत सारे सरळ होते. मला दोन रात्री जागवले ते त्या आगाऊ रकमेच्या नावाने. फ्रेंच कायद्यात तिचे दोन प्रकार आहेत. करारात ‘आर’ असे लिहिले असेल, तर भाडेकरूने बेत रद्द केल्यास ती रक्कम बुडते आणि मालकाने रद्द केल्यास त्याला दुप्पट परत करावी लागते. ‘आकोंत’ असे लिहिले असेल, तर व्यवहार दोन्ही बाजूंनी पक्का झाला असे धरले जाते आणि माघार घेणाऱ्याकडे उरलेल्या पैशांचीही मागणी होऊ शकते. आमच्या करारात ‘आर’ होते, हे त्यातल्या त्यात बरे. तरीही अडचण होतीच, कारण व्हिसाच्या अर्जासोबत राहण्याच्या सोयीचा पुरावा जोडावा लागतो, म्हणजे पैसे आधी भरायचे आणि व्हिसा मिळतो की नाही ते नंतर कळायचे. व्हिसा नाकारल्यास नकाराचे पत्र दाखवून रक्कम परत मिळेल, एवढे एक वाक्य करारात घालण्याची विनंती मी केली आणि त्यांनी ते दुसऱ्याच दिवशी घातले. भारतातून जाणाऱ्याने हे वाक्य मागायला संकोच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे पाठवताना बँकेत ए-2 अर्ज भरून दिला, पण वाटेतल्या कुठल्याशा बँकेने आपला आकार कापून घेतल्याने रक्कम अठरा युरोंनी कमी पोहोचली. सगळे शुल्क पाठवणाऱ्याकडून घ्यावे, ही खूण अर्जावर करायची असते, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. ते अठरा युरो पोहोचल्यावर रोख दिले. व्हिसाचे काम त्या मानाने सुरळीत झाले. तीस हजार युरोंचा प्रवास-विमा, करारनामा आणि बोटांचे ठसे देऊन आम्ही मोकळे झालो.

तुलूझच्या विमानतळावरून भाड्याची मोटार घेतली. अंतर सुमारे 80 किलोमीटरच आहे आणि आगगाडीही जाते, पण तिचे स्थानक गावापासून पाचेक किलोमीटरवर असल्याने मोटारीवाचून किराणा आणणेसुद्धा कठीण झाले असते. मालकीणबाई दारात यादी घेऊनच उभ्या होत्या. ‘एता दे ल्यू’ म्हणजे घराच्या स्थितीची नोंद. चमच्यांपासून गाद्यांपर्यंत सारे मोजून दोघांनी सही करायची. अनामत तिथे बहुधा धनादेशाने घेतात. आमच्याकडे फ्रेंच धनादेश असण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून आधी ठरल्याप्रमाणे तीनशे युरो रोख पाकिटात घालून दिले. चादरी-टॉवेल भाड्यात धरलेले नव्हते आणि पर्यटक करही माणशी, रात्रीच्या हिशेबाने वेगळा होता. करारात दोन्ही लिहिलेले होते, मीच घाईत वाचले होते.

खरी फजिती दुसऱ्या दिवशी झाली. पुण्याहून आणलेला कुकर ॲल्युमिनियमचा आणि घरातली शेगडी इंडक्शनची. “अरे, पेटतच नाही म्हणजे काय?” असे म्हणत आईने ती तीनदा बंद-चालू करून पाहिली. शेवटी दुकानात सोललेली लाल मसूर डाळ मिळाली, ती घरातल्या स्टीलच्या पातेल्यात वीस मिनिटांत शिजली आणि आठवडाभर आमचे वरण मसुराचेच झाले. ताट वाढताना खिडकीतून समोरच्या टेकडीवरचे कॉर्द दिसे. तुलूझचा सरदार सातवा रेमों याने 1222 मध्ये वसवलेल्या या गावाच्या नावाला ‘सुर-सिएल’, म्हणजे ‘आभाळावरचे’, ही जोड 1993 मध्ये मिळाली. खालच्या दरीत धुके भरले की गाव त्यावर तरंगते म्हणतात. आम्हाला जूनमध्ये ऊनच मिळाले, आणि ते फार कामाला आले.

कारण गुरुवारी पाहतो तो घरातल्या भाजी चिरायच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या फळीवर हळदीचा तळहाताएवढा पिवळा डाग. साबण, लिंबू, सोडा, कशानेच तो हलेना. आईने फळी ओली करून दक्षिणेकडच्या खिडकीत उन्हात ठेवली. शुक्रवारी संध्याकाळी डाग फिकट लिंबाच्या रंगावर आला आणि शनिवारी सकाळी मलाही तो शोधावा लागला.

शेवटची साफसफाई आमच्याकडेच होती. फरशी पुसली, वेष्टने पिवळ्या झाकणाच्या डब्यात टाकली, काचेच्या बाटल्या रस्त्याकडेच्या वेगळ्या पेटीत नेऊन टाकल्या. दहा वाजता मालकीणबाई तीच यादी घेऊन आल्या. चमचे मोजले, शेगडीच्या काचेवरून बोट फिरवले, फळी उचलून उजेडात धरली आणि जागेवर ठेवली. मग पर्समधून पाकीट काढून त्यांनी नोटा माझ्यासमोर मोजल्या, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.